हाताला बसेल असा माऊस

मी केळीच्या व्यापाऱ्याकडे माल बघायचं काम करतो. बाग कापायला घेण्याआधी बागेत जायचं, चार ओळी फिरायच्या, एखाद-दुसरा घड कापून हातात तोलायचा आणि सांगायचं की या बागेची रास किती पडेल. रास म्हणजे एका घडाचं सरासरी वजन. माल काट्यावर चढण्याआधी माझा आकडा ठरलेला असतो आणि बहुतेक वेळा काटा त्याच्या आसपास येऊन थांबतो. यावल-फैजपूरच्या पट्ट्यात लोक मला एवढ्या एका गोष्टीसाठी ओळखतात. शेतकरी म्हणतात, भाऊच्या हातातच काटा आहे. हे ऐकायला मला फार आवडायचं.

आम्हा माल बघणाऱ्यांमध्ये एक शब्द आहे. भरलेला घड हातात घेतला की आम्ही म्हणतो, माल हाताला बसला. पोकळ, घाईने कापलेला घड हाताला बसत नाही. उचलताना अंदाजापेक्षा वर येतो आणि तिथंच त्याची किंमत कमी होते. हा शब्द मी इतकी वर्षं याच अर्थाने वापरला की बाकीच्या जगात त्याचा दुसरा अर्थ असेल असं मला कधी वाटलं नाही.

माझा मुलगा धुळ्याला डिप्लोमा करत होता. हिवाळ्यात तो सुटीला घरी आला, तेव्हा मी त्याला आणायला मोटरसायकल घेऊन स्टँडवर गेलो. परतताना पुढे केळीने भरलेला ट्रॅक्टर चालला होता. ट्रॉलीत खाली पानं, वर घड, घडांवर पुन्हा पानं. मी घडांकडे बघत होतो. मागे बसलेल्या मुलाला म्हणालोसुद्धा, "वीसच्या खाली रास नाही याची." तो म्हणाला, "पप्पा, समोर बघा ना." मला वाटलं, मी समोरच बघतोय. ट्रॅक्टरने वळणावर ब्रेक मारला, मीही मारला आणि रस्त्यावर पडलेल्या ओल्या पानांवरून गाडी आडवी झाली.

मला गुडघ्याला खरचटलं. तो उजव्या दंडावर पडला. हाड मोडलं, ते प्लेट घालून जोडलं गेलं. पण त्या हाडाला खेटून एक नस जाते, मनगट वर उचलणारी, ती दुखावली होती. हात खांद्यापासून हलायचा, कोपरात वाकायचा, मुठीत थोडीफार ताकदही होती; फक्त मनगट खाली लोंबायचं. नळाखाली हात धुताना तो डाव्या हाताने उजवा हात धरायचा, दुसऱ्या कुणाचा हात धुऊन द्यावा तसा.

डॉक्टरांनी सांगितलं की नस तुटलेली नाही, मार लागलाय. काही महिन्यांत परत येण्याची शक्यता चांगली आहे. नाही आली तर पुढचं बघू. शक्यता चांगली आहे हे बाकीच्यांनी ऐकलं. मी फक्त पुढचं बघू ऐकलं.

त्या दिवसांत मी काय करत होतो ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. घरी लोक भेटायला यायचे. कुणी पाण्याचा ग्लास हातात घेण्याआधीच मी सुरू करायचो, माझ्यामुळे झालं, मी घडांकडे बघत होतो. मग माझा आवाज बसायचा, डोळे भरायचे, आणि आलेली माणसं मुलाला विचारायचं सोडून माझी समजूत काढायची. हे खोटं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं आणि अजून वाटतं. पण एकदा शिंदखेड्याहून माझा मेहुणा आला. तो धुळे जिल्ह्यातला, बोलतो थेट अहिराणी. मी रडून झाल्यावर त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "दाजी, पेशंट तुम्ही शेतस का तो शे? मी कोनले भेटाले उनू तेच समजत नही."

भेटायला आलो तो कुणाला तेच कळत नाही, असं त्याचं म्हणणं. सगळे हसले. मुलगाही हसला. मी पण हसलो, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या पाहुण्यांसमोर परत तेच केलं.

जळगावला व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, आठवड्याला त्यांच्याकडे जावं लागायचं. मनगट उचलून धरणारी एक पट्टी त्यांनी करून दिली होती. एकदा त्यांनी विचारलं, "घरी दिवसभर काय करतो हा?" मी जरा लाजूनच सांगितलं, कम्प्युटरवर गेम खेळतो. आधी खेळायचा, आता हाताने जमत नाही म्हणून दुसऱ्यांचं बघत बसतो.

"कोणता गेम?" त्यांनी मुलाला विचारलं.

"नेमबाजीचा. पाच जणांची टीम असते. मी लांबून मारतो."

मग त्याने त्यांना समजावून सांगितलं, आणि मीही पहिल्यांदाच ऐकलं. बारीक नेम धरायचा तर माऊस संथ ठेवावा लागतो. संथ म्हणजे हात पुष्कळ सरकवला तरी पडद्यावरचा बाण थोडाच सरकला पाहिजे. मग टेबलावरची जागा संपते. तेव्हा माऊस उचलायचा, मागे आणून ठेवायचा, परत सरकवायचा. एका गेममध्ये असं किती वेळा उचलावं लागतं त्याला हिशेब नाही. धुळ्याच्या होस्टेलवरच्या चार मित्रांनी त्याची जागा अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, हेही त्याने सांगितलं. ते मलाच सांगितलं असावं.

मॅडम खूश झाल्या. "अरे, मग हाच तुझा व्यायाम. माऊस उजव्या हातात, पट्टी लावून. सरकव, उचल, ठेव. मी दिलेला व्यायाम घरी कुणी करत नाही, पण गेम तू खेळशीलच." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नस तिच्या गतीने येईल. तोपर्यंत बोटं आणि मनगट आखडायला नकोत, हाताला कामाचा विसर पडायला नको. फक्त माऊस याच्या हाताला बसेल असा घ्या."

हाताला बसेल असा. मी मान डोलावली. हे आपल्याला समजतं, असं मला वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्या कामाचं बोललं होतं.

त्याच्याकडे जो माऊस होता तो चपटा, जुना, एकदा दाबला की दोनदा दाबला जायचा. मी ठरवलं की आपण चांगला घेऊ, परवडेल तेवढ्यात चांगला. ऑपरेशनमुळे पैशांची चणचण होती, पण हा खर्च औषधाचाच होता. मुलाला बरोबर नेलं नाही. त्याला अचानक आणून द्यायचा, असं मी घरी सांगितलं. खरं कारण असं की बसमध्ये लोक त्याच्या हाताकडे बघायचे आणि ते मला सहन होत नव्हतं. त्याला होत होतं की नाही, मी विचारलं नाही.

जळगावात एका मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर कम्प्युटरच्या सामानाची दुकानं आहेत. मी गेलो त्या दुकानाचा मालक माझ्याच वयाचा एक मुसलमान गृहस्थ. बापाचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याचं त्याने हे केलं होतं. भिंतीवर बापाच्या वेळचं एक लंबकाचं घड्याळ अजून चालू होतं. मी म्हटलं, नेमबाजीच्या गेमसाठी माऊस हवा, फार महाग नको.

त्याने काचेवर पाच-सहा मांडले. प्रत्येकावर हजारांत आकडे. हा बारा हजारवाला, हा सोळा हजारवाला. मी घाबरलो.

"किंमत नाही भाऊ ती," तो हसला. "किती बारीक हालचाल पकडतो त्याचा आकडा आहे."

"मग जास्त तो चांगला?"

"आकडा जास्त म्हणजे चांगला असं काही नाही. खेळणारी पोरं तर तो कमीच करून ठेवतात. पण गिऱ्हाईक आकडा बघून घेतं, म्हणून कंपनी आकडा छापते."

ते मला पटलं. आमच्याकडे कागदावरची रास आणि काट्यावरची रास वेगळी असते हे मी रोज बघतो. म्हणून मी आकडे सोडून दिले आणि जे येतं ते केलं. एकेक माऊस तळहातावर घेतला आणि तोलला.

एक होता, त्याच्या पाठीला सगळी जाळी. आत हिरवा दिवा दिसत होता. हातात घेतला तर काही घेतल्यासारखंच वाटेना.

"याला भोकं कशाला?"

"वजन कमी करायला."

"आणि किंमत?"

त्याने सांगितली. बाकीच्यांएवढीच होती, उलट थोडी जास्तच.

"म्हणजे माल कमी करायचे जास्त पैसे?" मी म्हणालो. "आमच्या केळीत असं केलं तर शेतकरी ट्रॅक्टरखाली घालेल."

तो खळखळून हसला. बाजूला केबल बघत उभं असलेलं गिऱ्हाईकही हसलं. मला बरं वाटलं. दुकानदार म्हणाला, "बरोबर आहे भाऊ तुमचं. पण पोरं आजकाल हलकाच मागतात, बघा."

मी पुढचा उचलला. काळा, रबर लावलेला, डाव्या बाजूला अंगठ्यासाठी खोलगट जागा. आणि वजन होतं त्याला. तळहातावर ठेवला की ठेवलाय हे कळत होतं. त्याने तो उलटा करून खालचं एक झाकण उघडून दाखवलं. आत छोट्या छोट्या लोखंडी चकत्या बसवायला खाचा होत्या. चकत्या वेगळ्या डबीत मिळतात, म्हणाला, ज्याला जड हवा त्याने बसवायच्या. औषधाच्या गोळ्यांएवढ्या त्या चकत्या बघून मला आमच्या जुन्या तराजूची मापं आठवली.

"हा," मी म्हणालो. "हा हाताला बसला."

"तुमच्या बसला," तो म्हणाला. "हात पोराचा आहे. त्याला आणायचं होतं ना."

"त्याला माहीत नाही, अचानक द्यायचाय."

"मग डबा फाडू नका. नाही आवडला तर बदलून देईन."

आज हे लिहिताना वाटतं की त्या माणसाने मला दोन वेळा दार उघडून दिलं होतं. पण मी त्याला हाताचं काहीच सांगितलं नव्हतं. लांबच्या गावच्या ओळखीपाळखीच्या माणसांसमोर मी सगळं रडून सांगायचो, आणि जिथं सांगायला हवं होतं तिथं मला केळीवरचा विनोद सुचला.

घरी आल्यावर मी डबा मुलाच्या पुढ्यात ठेवला. त्याला एका हाताने उघडता येईना, म्हणून मीच फाडला. मग पलंगावर बसून चष्मा लावून, बरोबर घेतलेल्या डबीतल्या चकत्या एकेक करून खाचेत बसवल्या, सगळ्या. बायको दारात उभी राहून बघत होती. मी माऊस मुलाच्या उजव्या हाताखाली ठेवला आणि म्हणालो, "बघ, कसा बसतो."

त्याने बोटं त्यावर ठेवली. थोडं सरकवल्यासारखं केलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"चांगला आहे, पप्पा."

"जड नाही ना?"

"नाही. चांगला आहे."

त्यानंतरचे दिवस माझे बरे गेले. मोटरसायकल मी विकून टाकली होती, बागांमध्ये दुसऱ्याच्या गाडीवर नाही तर बसने जायचो, संध्याकाळी चालत घरी यायचो. आमच्या फाटकाची कडी गंजलेली आहे, उघडताना वाजते. कडी उघडून, अंगण ओलांडून मी त्याच्या खोलीच्या दारात यायचो, तेव्हा तो पट्टी लावलेला उजवा हात माऊसवर ठेवून बसलेला असायचा. हेडफोन एका कानावर सरकवलेला, पडद्यावर धूळ, गोळ्या, पळणारी माणसं. मी मागे क्षणभर उभा राहायचो. एकदा त्याने काहीतरी मोठं लांबून टिपलं असावं, कारण हेडफोनमधून चार पोरांचा ओरडा मला बाहेर ऐकू आला. त्या दिवशी जेवताना मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पाहुण्यांना सांगायला लागलो की आता हात कामाला लागलाय. मी स्वतः निवडून आणलेल्या माऊसने, हे सांगायला विसरायचो नाही.

मॅडमकडे मात्र प्रगती दिसेना. त्या बोटं सरळ करून बघायच्या आणि कपाळाला आठी घालायच्या. "खेळतो ना रोज?"

"रोज," मी सांगायचो. "मी स्वतः बघतो."

मुलगा भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत बसायचा.

उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे पत्र्याची खोली दुपारी भट्टी होते, माऊसचं रबर चिकट व्हायला लागतं. एक दिवस तो आईबरोबर बाजारात गेला होता आणि मी घरी होतो. त्याच्या टेबलावर धूळ साचली होती, म्हणून ओलं फडकं घेतलं. माऊस उचलला आणि पुसायला लागलो.

केळीच्या सालीवर डाग बघून आम्ही सांगतो की पान कुठल्या बाजूने घासलं, वारा कुठून होता. हा डोळा आपोआप चालतो, त्याला मी बघ म्हणत नाही. माऊसचं उजव्या बाजूचं बटण घासून चकचकीत झालं होतं. डावं बटण, ज्याने गोळी सुटते असं मुलाने मला दाखवलं होतं, ते दुकानातून आणलं तसं काळं मऊ होतं. उजव्या कडेला रबर अंगठ्याएवढं झिजलं होतं. आणि डाव्या बाजूच्या त्या खोलगट जागेत, जिथं अंगठा बसायला हवा, तिथं वरच्या टोकाला बारीक धूळ जमून राहिली होती.

मी माझा उजवा हात माऊसवर ठेवला. अंगठा कोऱ्या रबरावर पडला. मग डावा ठेवला. डावा अंगठा बरोबर त्या झिजलेल्या जागेवर बसला, आणि बोट त्या चकचकीत बटणावर.

मी तिथंच खुर्चीत बसलो. फाटकाची कडी वाजली, आणि त्या आवाजाबरोबर बाकीचं सगळं मला कळलं. कडीपासून त्याच्या दारापर्यंत आमचं अंगण जेवढं आहे, तेवढ्या वेळात हात बदलता येतो.

ती दोघं आत आली. तो थेट अंघोळीला गेला. मी स्वयंपाकघरात गेलो. बायको पिशवीतून भाजी काढत होती.

"हा डाव्या हाताने खेळतो?"

तिने वांगी परातीत ठेवली. ती माहेरची शिंदखेड्याची. माझ्याशी एरवी साधं बोलते, पण मनातलं निघालं की तिची अहिराणी येते.

"पयलेपाईन," ती म्हणाली. म्हणजे पहिल्या दिवसापासून.

"मला का नाही सांगितलं?"

"त्यानीच सांगेल व्हतं, पप्पाले सांगू नको म्हणीसन. तुम्ही परत रडशात." तिने रिकामी पिशवी झटकली. "या घरमा रडनं बठ्ठं तुम्हनं, आन उगी बसनं त्यानं."

रडणं सगळं माझं आणि गप्प बसणं त्याचं, असं ती म्हणत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

तो केस पुसत खोलीत आला तेव्हा मी माऊस हातात घेऊन बसलो होतो. त्याने बघितलं आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

"जड होता?"

"थोडा."

"बोलायचं ना मग."

तो पलंगावर बसला. उजवा हात मांडीवर, पंजा उलटा पडलेला. "तुम्ही त्या चकत्या बसवत होते ना," तो म्हणाला, "ऍक्सिडेंटनंतर पहिल्यांदा तुमचा चेहरा बरा दिसला. मला वाटलं, चार-आठ दिवस कम्प्युटरमध्ये बटणं उलटी करून डाव्याने खेळतो. उजव्यात जोर आला की उचलेल तो. मग सवयच लागली डाव्याची. मित्र म्हणाले, तू डाव्यानेही बरा मारतो."

"चकत्या काढून बघायच्या."

"काढल्या होत्या. तरी नव्हता उचलत." मग म्हणाला, "परत बसवून ठेवल्या. तुम्ही कधी झाकण उघडून बघितलं असतं म्हणून."

मी झाकण उघडलं. चकत्या सगळ्या जागच्या जागी होत्या. एका हाताने बसवताना त्याला किती वेळ लागला असेल.

माझा आवाज भरून यायला लागला होता. त्याच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं, तो मला सांभाळायच्या तयारीला लागला होता. ओठ किंचित पुढे, आता म्हणणार, जाऊ द्या पप्पा. ते बघितलं आणि मी उठून मोरीत गेलो, नळ सोडून उभा राहिलो. रडलो नाही असं म्हणणार नाही. पण त्याला दिसेल असं रडलो नाही. एवढंच मला त्या दिवशी जमलं.

पुढच्या भेटीत मॅडमना त्याने स्वतःच सांगितलं. त्यांनी त्याची बोटं पुन्हा एकेक करून तपासली. नंतर तो बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, "माऊसमुळे नस आली नाही, असं मनात धरू नका. नस यायची नसेल तर हलक्या माऊसनेही आली नसती." मी विचारलं, आणि बोटं? त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "बोटं एवढी आखडली नसती," त्या म्हणाल्या. डॉक्टरांचं मत आता असं आहे की मुंबईला दाखवायचं. दुसऱ्या स्नायूची दोरी मनगटाकडे वळवून जोडतात, त्याने हात वर उचलला जातो. पण त्याआधी आखडलेली बोटं सुटावी लागतात. ते काम आता नव्याने सुरू झालंय, आणि रोज त्याला दुखतं.

मॅडमचं पहिलं वाक्य मला खोलीत आठवत नाही, बसमध्ये आठवत नाही. दुसरं आठवतं. आणि मला हेही कळतं की त्या दुसऱ्या वाक्याला धरून बसणं ही माझी जुनीच खोड आहे. अपराध माझा आहे यात शंका नाही. पण माझ्या अपराधाने घरात इतकी जागा घेतली की ज्याचा हात गेला त्याला आपला हात दुखतो, हा माऊस उचलत नाही, एवढं साधं म्हणायला जागा राहिली नाही. आता हे लिहितोय तेही त्यातलंच असेल, अशी भीती मला वाटते. म्हणून हे त्याला वाचायला देणार नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही दोघं जळगावला त्याच दुकानात गेलो. मी आपणहून विचारलं होतं, येतोस का. बसमध्ये लोकांनी बघितलं. त्याने खिडकीतून बाहेर बघितलं.

दुकानदाराने मला ओळखलं. "केळीवाले भाऊ. आज आणलं वाटतं पोराला."

"त्यानेच मला आणलं," मी म्हणालो.

तो हसला, मग त्याची नजर मुलाच्या हातावर गेली. मागच्या खेपेला मी बोललो असतो तर त्या दिवशीही त्याने हा हात मनात धरूनच माऊस काढले असते.

मुलाने भोकांचा माऊस मागितला. तोच, जाळीवाला. काचेवर ठेवल्यावर त्याने सवयीने आधी उजवा हात पुढे केला. पट्टी नव्हती. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट उचललं आणि पंजा माऊसवर ठेवला. आखडलेली बोटं त्यावर नीट पसरेनात. त्याने खांद्यातून हात ढकलला, आणि माऊस काचेवर सरकला. बोटभर असेल. मग त्याने बोटांनी त्याला दोन्ही बाजूंनी दाबलं आणि त्याची एक कड काचेवरून उचलली गेली. परत टेकली.

आम्ही तिघांनी ते बघितलं. मागच्या भिंतीवर लंबक हलत होता. मला बोलायचं होतं. काय बोलायचं होतं ते तुम्ही ओळखलं असेल. मी इतके महिने दुसरं काही बोललोच नव्हतो. मी काचेच्या कडेला हात घट्ट धरून उभा राहिलो.

मुलाने उजवा हात खाली घेतला. डावा ठेवून बघितला, सरकवला, उचलला, ठेवला, पटापट.

"हा दोन्ही हातांना चालतो ना?" त्याने विचारलं.

"दोन्हींना. दोन्ही बाजू सारख्या आहेत," दुकानदार म्हणाला.

"मग हाच द्या."

माझ्याकडे बघून म्हणाला, "पप्पा, धरून बघा ना. किती भरेल?" लहानपणी तो माझ्याबरोबर बागेत यायचा तेव्हा आम्ही हा खेळ खेळायचो, मी घड त्याच्या हातात द्यायचो आणि तो आकडा सांगायचा.

मी माऊस तळहातावर घेतला. माझा हात, ज्याच्यात लोक काटा आहे म्हणतात, त्याला काही सांगता येईना.

"तूच सांग," मी म्हणालो.

"काहीच नाही याच्यात," तो म्हणाला. "म्हणून तर चांगला आहे."

दुकानदाराने डबा पुन्हा बांधताना विचारलं, बदलायचा झाला तर. मुलगा म्हणाला, नाही बदलायचा.

आता महिना होत आला. रोज सकाळी तो उजवी बोटं गरम पाण्यात बुडवून सुटी करतो, मग थोडा वेळ उजव्या हाताने माऊस नुसता सरकवत बसतो, गेम न लावता. जड माऊस आणि चकत्यांची डबी मी टाकून दिली नाही, कपाटात वरच्या फळीवर आहे. मुंबईची तारीख अजून मिळायची आहे. मनगट लोंबतंच.

काल बागेतून यायला संध्याकाळ झाली. मी फाटक उघडलं, कडी वाजली, खोलीतून येणारा बटणाचा आवाज ऐकत अंगण ओलांडून मी त्याच्या दारात येऊन उभा राहिलो. त्याचा डावा हात माऊसवर होता. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं. हात त्याने बदलला नाही.